हाताला वळण

टोकियोच्या स्टुडिओतून तेच दृश्य चौथ्यांदा परत आलं. नूडल्ससाठी पीठ मळणारी म्हातारी, सेकंदाला बारा चित्रं, आणि शेरा एकच: "हातांत जीव नाही." तिकडे आखातात, फरवानियातल्या फ्लॅटमध्ये बसून जपानी कार्टून मालिकांची चित्रं काढणाऱ्या शलाकानं मग रोज संध्याकाळी ओट्यापाशी ठाण मांडलं. मनगटानं कपाळावरची बट सारत आई कणीक मळायची, शेवटच्या गोळ्यानं परात पुसून घ्यायची, आणि ही आपली वहीत रेघोट्या ओढायची.

"नुसती बघत काय बसतेस गं? खालच्या बकाल्याच्या दुकानातून पीठ मी आणायचं, मळायचंही मीच!"

पाचव्यांदा दृश्य पाठवलं, तेव्हा दिग्दर्शकानं स्वतः कळवलं, "एक रेघही बदलू नका. आमची आई अश्शीच मळायची."

तो भाग लागला, तेव्हा शलाकानं आईला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. जपानी म्हातारीनं मनगटानं बट सारली, पीठ चांगलं तिंबलं आणि शेवटच्या गोळ्यानं भांडं लख्ख पुसून घेतलं.

आई कौतुकानं पुढे सरकली.

"बघ, हाताला कसं वळण आहे बाईच्या! शीक जरा तिच्याकडून."