इतक्यात कळू द्यायचं नाही

अपघात झाल्यापासून लस्साद स्फाक्सच्या इस्पितळात डोळे मिटून निपचित पडून होता. आज डॉक्टरांनी त्याला नव्या मशीनमध्ये ठेवून सांगितलं, "मनातल्या मनात मूठ आवळा," आणि त्याच्या मेंदूनं ते ऐकल्याचं पडद्यावर स्पष्ट दिसलं.

"ते शुद्धीवर आहेत," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "बहुधा पहिल्यापासूनच. सगळं ऐकू येत असणार त्यांना."

लस्सादच्या आईनं तिथेच आनंदाची आरोळी ठोकली. मग एकदम भानावर येऊन तिनं सुनेचं, नाजिहाचं, मनगट धरलं आणि ती कुजबुजली, "पोरी, आपली रीम गेल्याचं त्याला इतक्यात कळू द्यायचं नाही हं. एकुलती एक लेक त्याची, काळीज फुटेल. तू रोज सांगत जा, रीम मजेत आहे, शाळेत जातेय."

"उम्मी, अहो..." नाजिहा भिंतीला टेकून खाली बसली.


गेल्या हिवाळ्यात रीम तापानं गेली, तेव्हा दोघी इथेच, इस्पितळात, लस्सादच्याच खाटेशी बसून ऊर फुटेस्तोवर रडल्या होत्या. त्याच्या अंगावरून हात फिरवावा, हे दोघींनाही सुचलं नव्हतं.