कुणाचं पाणी गेलं?

गच्चीवर आठ घरांचे आठ कॉक, सगळे सारखेच गंजलेले. कोणता कुणाचा हे शोधायला प्लंबर अख्खा दिवस मागत होता. शेवटी वृंदानेच पदर खोचला. चार कॉक एकदम बंद करायचे, खाली विचारायचं, मग त्यातले दोन बदलून पुन्हा. तीन खेपांत आठही घरं सापडतात, असा तिचा हिशेब होता.

"कुणाकुणाचं पाणी गेलं?" तिने कठड्यावरून तिसऱ्यांदा हाक दिली.

"इथलं गेलं गं. लवकर सोड, हाताला साबण आहे," एकट्या राहणाऱ्या टिपणीसबाईंच्या स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आवाज वृंदाच्या सासऱ्यांचा होता.

अप्पा तर वाचनालयात गेले होते. सासूबाई गेल्यापासून रोज दुपारी जात, आणि हल्ली गुणगुणत परत येत. घरी त्यांनी जन्मात कधी कपबशी विसळली नव्हती.

खालची खिडकी घाईने बंद झाली. वृंदाने हसू दाबत सगळे कॉक सोडले.

संध्याकाळी अप्पा मान खाली घालूनच चहा प्यायले.

"अप्पा," ती म्हणाली, "पाणी आपल्याही नळाला येतं. उद्या टिपणीसबाईंना इकडे चहाला बोलवा. कपबश्या तुम्हीच विसळायच्या."