मासे बादलीत

"टाकीत पडलंय काय नेमकं?" माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातल्या बाईने विचारलं. दंडावर ऑक्टोपस गोंदवलेली, बोलणं इंग्रजी, पण काळजी अगदी घरच्या माणसासारखी.

"माती," यामिनी म्हणाली. "वीतभर मूर्ती होती, शाडूची."

तिच्या नवऱ्याने, राजेशने, कपाळाला हात लावला. त्याचे वडील अनिलकाका जरा लांब, माशांच्या खाद्याच्या फडताळापाशी जाऊन उभे राहिले आणि एका डबीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. चष्मा त्यांचा गाडीतच राहिला होता.

झालं होतं ते असं. अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्यांच्या घरी काल दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. आरती झाली, राजेशला ऑफिसचा कॉल आला म्हणून तो वर गेला, यामिनी किचनमध्ये वाटली डाळ परतत होती. हॉलमध्ये पाटाशेजारी नारिंगी बादली भरून ठेवलेली. इथे सगळेच बादलीत करतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण काका पडले हर्णैचे. जन्मभर बाप्पाला समुद्रात पोचवलेला माणूस. त्यातून ही मूर्ती त्यांनी पेणहून घेतलेली, सगळा विमानप्रवास मांडीवर धरून आणलेली. तिच्यापायी जेवणाचा ट्रेसुद्धा उघडला नाही. ती बादलीत बुडवायची? आणि समोर भिंतीला सुनेची कोचाएवढी टाकी, खाऱ्या पाण्याची, आत मासे, प्रवाळ, पंपाच्या बारीक लाटासुद्धा. घरात अख्खा समुद्र असताना बादली कशाला, असं वाटलं त्यांना, आणि बाप्पाला त्यांनी सोडलं टाकीत. खोटं कशाला बोला, तुम्हाआम्हालाही वाटलं असतं.

जेवणं होईपर्यंत टाकीचं ताक झालं. फिल्टर गाळाने गुदमरून बंद पडला. यामिनीने ती नारिंगी बादली रिकामी केली, तिच्यात मिठाचं पाणी कालवलं आणि मासे काढून तिच्यात सोडले. म्हणजे बाप्पा टाकीत आणि मासे बादलीत.

ती चिडली नाही असं मुळीच नाही. बोटभर तुकड्यापासून वाढवलेलं तिचं जांभळं प्रवाळ गाळाखाली गेलं होतं. नंतर ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. बोलला तो राजेश, आणि नको तितकं बोलला. आज सकाळी चहाच्या वेळी काकांनी जाहीर करून टाकलं, "पुढच्या वर्षीपासून इथे गणपती नको. मीही आता एवढ्या लांब येत नाही." चहा त्यांनी तसाच ठेवला.

दुकानात राजेशने एक उंच नळकांडं उचललं. "हा स्किमर घेऊन टाकू. भारी दिसतोय."

बाई म्हणाली, तो फेस करतो, माशांची घाण त्या फेसाबरोबर वर काढतो. मातीला त्याचा काही उपयोग नाही. मग तिने टाकीच्या कडेला टांगायचा फिल्टर दाखवला. आत एक पट्टी असते. गाळाने भरली की काढायची आणि नवी बसवायची.

"परफेक्ट," राजेश म्हणाला. "धुवायची कटकट नाही. ट्रॅशमध्ये टाकली की विषय संपला."

फडताळापाशी काकांनी मान वर केली. मग पुन्हा डबीवर नजर लावली. बोलायचा हक्क आपण काल घालवून बसलो, असंच त्यांना वाटत असणार.

"नको," यामिनी म्हणाली. "त्या मातीत बाप्पा आहेत यार. ट्रॅशमध्ये कसं टाकणार?"

"मग काल बंद पडलेल्या फिल्टरची पट्टी कुठाय?" राजेशने विचारलं.

"तुळशीपाशी. पातेल्यात गोड्या पाण्यात भिजत घातलीय. खार उतरला की माती कुंडीत घालू."

काय म्हणावं या बाईला. स्वतःचं प्रवाळ गेलेलं, डोकं तापलेलं, कुणाशी बोलायची इच्छा नाही, आणि तशातच हे करून बसली होती. वर कुणाला सांगितलंही नव्हतं.

दुकानातल्या बाईने मग तिसरा फिल्टर काढला. टाकीखाली ठेवायचा, झाकणाचा मोठा डबा. आत स्पंज, आणि चक्का बांधायच्या फडक्यासारखी दाट विणीची पिशवी. काढायची, धुवायची, परत लावायची. यामिनीने पिशवी उलटी करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं. "हा द्या," ती म्हणाली.

"दोन माशांना हा फार मोठा होईल," बाई प्रामाणिकपणे म्हणाली. "छोटा पुरेल तुम्हाला. माती काय रोज थोडीच पडणार आहे?"

"रोज नाही," यामिनी म्हणाली. "वर्षातून एकदा."

राजेश बघतच राहिला. "तू सिरीयसली बोलतेयस?"

"आधी मासे आणि प्रवाळ बादलीत काढायचं. मग बाबा बाप्पाला टाकीत सोडतील. काल नुसता क्रम चुकला. बाकी काय चुकलं?" मग तिने फडताळाकडे वळून आवाज जरा चढवला. "बाबा, पुढच्या वर्षी मूर्ती बिनरंगाची आणा हं. माती अडकते या पिशवीत, रंग नाही अडकत."

काकांनी डबी परत ठेवली ती उलटीच. "आणतो," एवढंच म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

दुकानातून बाहेर येताना फिल्टरचा खोका काकांनीच उचलला. राजेशने गाडीची ट्रंक उघडली आणि तो घ्यायला हात पुढे केले. काकांनी खोका सोडला नाही.

"ट्रंकमध्ये नको," ते म्हणाले. "मांडीवर घेतो."