पिवळा पट्टा

“नकाशा वाचायला डोळं नाय, डोकं लागतं,” कडूबानं महापालिकेच्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं आणि टेबलावर पसरलेल्या विकास आराखड्यावर बोट टेकवलं. “ह्यो पिवळा पट्टा दिसला का? पिवळं म्हंजी घरं, प्लॉट, सोसायट्या. माझं विहिरीचं वावर पुरं पिवळ्यात गेलंय.”

गावातले सातआठ जण सोबत आले होते. गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं, त्यामुळं पुढच्या वीस वर्षांत कुठं रस्ता, कुठं बाग, कुठं काय हे आता हा कागद ठरवणार होता. कडूबानं पेढ्यांचा पुडा घरूनच आणला होता. तो त्यानं फोडला.

टेबलामागं नगररचना विभागाच्या प्रेरणा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी नकाशा उचलला आणि फिरवून सरळ ठेवला.

“काका, तुम्ही उलटा बघत होता. तुमची विहीर कुठली? ही ना?”

विहिरीचं वावर म्हणजे गट नंबर एकशे तेरा. ते जांभळं होतं आणि त्यावर बारीक अक्षरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र असं लिहिलं होतं. बांधाला बांध लागून असलेला एकशे बारा मात्र हळदीच्या नवरदेवासारखा पिवळाधमक. तो कडूबाचा चुलतभाऊ सूर्यभान कसायचा.

“पेढा झ्याक हाय, दादा,” सूर्यभान म्हणाला. त्याचा खाऊन झाला होता.

कडूबाचा सूर्यभानवरचा जळफळाट काही त्या दिवसाचा नव्हता. सूर्यभानच्या म्हशीला रेडी व्हायची, कडूबाच्या म्हशीला रेडा. सूर्यभानच्या पोरीला पहिल्याच बघण्यात स्थळ आलं. विहिरीचं तेवढं एक वावर कडूबाकडं होतं. दोघांच्या बापांनी चाळीस वर्षांपूर्वी लिंबाखाली नारळ फोडून, जबानीवर शेतांची अदलाबदल केली, त्यात ते कडूबाच्या वाट्याला आलं. तेवढ्या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं शांत झोपत होता.

आता पिवळ्याला प्लॉटचा भाव मिळणार आणि जांभळ्याला भरपाईच्या नुसत्या तारखा.

संध्याकाळी सूर्यभान ओसरीवर आला. वावराचं जरा बोलायचं होतं म्हणाला. दर दिवाळीला तो असंच काहीतरी काढायचा, तहसीलात जाऊन येऊ, बापांच्या अदलाबदलीची राहिलेली नोंद उरकू. सूर्यभाननं सुचवलेलं काम म्हणजे त्यात त्याचाच फायदा, हा कडूबाचा ठरलेला हिशेब. त्यानं चहासुद्धा विचारला नाही.

“अवं, भाऊजी काय म्हणतात ते ऐकून तर घ्या,” कडूबाची बायको चतुराबाई आतून म्हणाली.

“त्याचं ऐकूनच बापाचं वाटोळं झालं,” कडूबा म्हणाला. बाप गेला तेव्हा सूर्यभान चौथीत होता, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी त्यानं शहरात औरंगपुऱ्यात जाऊन टायपिंगवाल्याकडून अर्ज करून घेतला. घरचे सातबारे, पीकविमे, सगळे कागद पोरगा ऋतुराज बजाजनगरात बसून मोबाईलवर बघायचा, पण ह्याची कुणकुण कडूबानं त्याला लागू दिली नाही. ऋतुराजला चुलत्याचा लई पुळका. अर्जात लिहिलं होतं की, मैलापाण्याचं केंद्र एकशे तेरावरून उचलून एकशे बारावर टाकावं, कारण उतार तिकडं आहे, नाला तिकडं आहे आणि वास गावाकडं येणार नाही. खाली, एक जागरूक नागरिक, आणि सही.

सुनावणीला कडूबा इस्त्रीचा सदरा घालून गेला. उतार त्यानं हातानं करून दाखवला. नाक दाबून वाराही समजावला. समितीच्या साहेबांनी अर्ज वाचला, बाजूची जमीनमालकांची यादी चाळली, चष्मा वर केला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

“एकशे बाराच? नक्की?”

“व्हय.”

“पुन्हा विचार करा. ही लेखी नोंद होते.”

“साहेब, मला शहराच्या भविष्याची काळजी हाय,” कडूबा म्हणाला. “त्यात आपला-परका नाय.”

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. वीस वर्षं सुनावण्या घेतल्या, सगळे आरक्षण दुसऱ्याच्या दारात ढकलायला येतात, असा माणूस पहिल्यांदाच बघतोय, म्हणाले. कडूबाची छाती सदऱ्यात मावेना.

मागं सूर्यभान उभा राहिला. “दादा, जरा एक—”

“सूर्या, बस खाली. आज तुझं कोण ऐकणार नाय.”

सूर्यभान बसला.

चार महिन्यांनी सुधारित नकाशा लागला. एकशे बारा जांभळा झाला होता, एकशे तेरा पिवळा. या वेळी कडूबानं नकाशा सरळ धरून दोनदा तपासला. पावशेर पेढे सूर्यभानकडं मुद्दाम पाठवले. सूर्यभाननं ते घेतले आणि बायको बानाबाईच्या हाती उलट निरोप धाडला की, दादाचा निर्णय मला मान्य आहे, आता तहसीलात जायची गरज उरली नाही. ते ऐकून कडूबा हसून हसून खोकला.

मग महापालिकेचं सत्काराचं पत्र आलं. कडूबानं जीप भरून माणसं नेली आणि सूर्यभानला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. स्टेजवर शाल पडली, नारळ मिळाला आणि प्रेरणा मॅडमनी माईकवर सन्मानपत्र वाचलं: “स्वतःच्या मालकीचा गट नंबर एकशे बारा, चार एकर, मैलापाणी केंद्रासाठी आपणहून सुचवणारे श्री. कडूबा यांना.”

नारळ कडूबाच्याच पायाच्या अंगठ्यावर पडला.