पिठावरची पावलं

"ह्यातलं एकबी न्हाई," चंद्रकांत म्हणाला आणि त्याने सहावा कागदही बाजूला सारला.

त्याच्या ओसरीवर बसलेल्या गौतमीने कपाळाला हात लावला. तांदळाची एक किलोची पिशवी, तिच्यावरचं चित्र ते केवढं! बावधनच्या स्टुडिओत बसून तिने सहा चित्रकारांच्या शैली घोटल्या होत्या. कुणाची रेघ जाड, कुणाची कापरी. प्रत्येकाकडून थोडंथोडं उचलून सहा नमुने केले होते. आणि कासार आंबोलीचा हा शेतकरी काही केल्या बधत नव्हता. आंबेमोहोराच्या पिशवीवर पाखरं हवीत, म्हणाला होता. पाखरं काढली, तर ही पाखरं नव्हेत म्हणे!

"काका, मग हवंय तरी काय तुम्हाला?"

चंद्रकांतने मोबाइल पुढे केला. फोटोत जमिनीवर पसरलेलं पीठ होतं, आणि पिठात पाखराच्या पावलांची ओळ.

"आमचा साहिल," तो म्हणाला. "दीड वर्स झालं त्याला जाऊन. पिशव्या भरून तांदूळ इकायचं त्याच्याच डोक्यातलं. दहाव्याच्या आदल्या राती, तो गेला त्या जागी पीठ पसरलं, वर टोपली झाकली. मानूस कुटल्या जल्माला गेला ते पिठात उमटतं. सकाळी बघितलं तर ही. साळुंकी झालं माझं पोर. तवा कुटं घास उतरला घशाखाली."

गौतमीने तो फोटो आपल्या मोबाइलवर घेतला. तिने वही काढली.

"जशीच्या तशी काढ," एवढं बोलून तो गोठ्याकडे गेला.

कुणाचीही शैली शिकायची तर तिची एकच रीत होती. रेघ दहा वेळा गिरवायची. फोटो मोठा करून ती ओसरीवर गिरवत बसली. पाचव्या पावलाला पेन्सिल थांबली. प्रत्येक रेघ जाड सुरू होत होती आणि संपताना हलकेच डावीकडे वळत होती. प्रत्येक! पाखरू पाय टेकवतं नि उचलतं. रेघ ओढतो तो माणूस.

मग तिची नजर उंबऱ्यापुढच्या रांगोळीवर गेली. तीच जाड सुरुवात, तेच डावं वळण. अगं बाई गं!

पाण्याचं निमित्त करून ती आत गेली. चंद्रकांतची बायको गोजराबाई तांदूळ निवडत होती. डाव्या हाताने.

"काकू, ती पावलं तुम्ही काढलीत ना?"

गोजराबाईचा हात सुपातच राहिला. तिने आधी दाराकडे बघितलं.

"हळू बोल, बाई. नऊ दिस ह्यांनी अन्नाला हात लावला न्हवता. पोरगं गेलं, आता मालकबी चालले, असं वाटाया लागलं. म्हून पहाटं उठले नि बोटानं काढली." तिने पदर डोळ्यांना लावला. "पोराच्या नावानं खोटं केलं मी. लई जाळतं ते. पर ह्यांना कळलं तर पोरगं दुसऱ्यांदा मरंल."

"माझ्या तोंडून शब्द जाणार नाही, काकू."

पण नुसतं गप्प राहून भागणार नव्हतं. उद्या ही पावलं पिशवीवर छापून घरात येणार, आणि दारात रांगोळी रोजचीच. कधी ना कधी चंद्रकांतच्या ध्यानात आलंच असतं. गौतमीने ओसरीवर येऊन भराभर नवी पावलं काढली, खऱ्या पाखराची, सरळ रेघांची. चंद्रकांत परत आला तेव्हा तिने वही पुढे केली. 

त्याने एकेका पावलावरून बोट फिरवलं.

"ह्यातलं वळण कुटं गेलं?"

"छपाईत ते नीट उमटत नाही, काका. म्हणून सरळ केलं."

चंद्रकांतने आत स्वैपाकघराकडे बघितलं. गोजराबाई पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. त्याने आवाज खाली आणला.

"वळण ऱ्हाऊ दे, पोरी. तिच्या हातचं हाय ते. त्या पहाटं ती उठायच्या आदी मीच टोपली उचलून बघितली हुती. पीठ कोरं हुतं."