खालच्या उतारावरच्या बाई

"उठा बाई. बर्फात बसून अंडी उबवायची नाहीत," तोकुजी म्हणाला.

बाई काठ्यांवर रेलून उठल्या. सकाळपासून किती वेळा पडल्या, ते दोघांनीही मोजायचं सोडून दिलं होतं.

"ऑपरेशन झाल्यापासून डावा पाय ऐकत नाही, मास्तर."

"घाबरलात की तो आणखी लाडावतो. टोकं जवळ, टाचा लांब, आणि वजन त्याच्यावरच टाका."

"आज न पडता खालपर्यंत जमलं नाही, तर या स्की मी पुन्हा पायात घालणार नाही."

"बघू."

तोकुजी उन्हाळ्यात गाजरं पिकवायचा आणि हिवाळ्यात शेतावरच्या उतारावर स्की शिकवायचा. उतारावर तो मास्तर आणि समोरचा शिष्य, मग तो कुणी का असेना. हा त्याचा नियम सगळ्या खोऱ्याला पाठ होता.

माणसांना उतारावर वर नेणारी लिफ्ट चालवणाऱ्या सेइजीनं खोडी काढलीच. "काका, बाईंना चिझुरूची गोष्ट सांगितली का? ती ऐकल्याशिवाय तुमच्या तावडीतून कुणी सुटत नाही."

"सांगणारच. माझी एकुलती एक पोर स्कीच्या शर्यतीत देशात पहिली आली. लाजू की काय?" तोकुजीची छाती फुगली.

बाईंनी मफलर नाकावर ओढला. "ती पडायची का हो?"

"तुमच्याहून जास्त. वर भोकाड पसरायची."

"थापा मारताय."

"विचारा सेइजीला."

"सध्या कुठे असते?"

"येतेय. वेळ लागतोय, पण येतेय."

सेइजी उगाच लिफ्टचं बटण पुसत बसला.

बाई निघाल्या. खाली शेतात बर्फाखालची गाजरं उपसणाऱ्या बायका फावडी टेकून उभ्या राहिल्या. वळणावर डावा पाय लटपटला. तोकुजीचे हात पुढे झाले, ते त्यानं निग्रहानं खिशात घातले. बाई वाकल्या, झोकांडल्या, सावरल्या आणि थेट कुंपणापाशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या.

शेतातल्या बायकांनी फावडी बडवली. तोकुजी सरसर उतरून आला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. पोर देशात पहिली आली तेव्हासुद्धा त्याला इतका अभिमान वाटला नव्हता.

"शाब्बास, बाई," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी गॉगल कपाळावर सरकवला.

"बाबा, आईला आज काही सांगू नका. उद्या वरच्या टोकावरून उतरते, मग सांगा."