पाचव्या खुर्चीतलं डोकं

दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाच्या केसांत काकूंनी बोटं घातली आणि लगेच काढून घेतली.

"लावलेले. कपाळावरची कड बघा, पट्टी ठेवून आखल्यासारखी. देवाच्या हातात पट्टी नसते."

सगळे हसले. ज्या डॉक्टरीणबाईंनी ते केस लावले होते, त्या मात्र मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

केस लावायच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांचा हात जोखायची ही रीत मोठ्या डॉक्टरांनी घातली होती. किती मुळं तुटली, किती जगली, याचे तक्ते भिंतीवर लागले तरी त्यांचं समाधान होईना. मग ते वर्षातून एकदा पाच माणसं खुर्च्यांवर बसवू लागले. कुणाचे केस जन्माचे, कुणाचे लावलेले. मुळं काढतात तिथे मानेवर बारीक ठिपके राहतात, म्हणून प्रत्येकाच्या मागे या कानापासून त्या कानापर्यंत टॉवेल बांधलेला. काकूंनी फक्त वरचं डोकं चाचपायचं. काकू फसल्या, तर डॉक्टर पास.

सात वर्षांत काकू एकदाही फसल्या नव्हत्या.

शिकल्या होत्या त्या दुसरीपर्यंत. नवऱ्यामागे त्याचं केस कापायचं दुकान चालवायला घेतलं, तेव्हा गल्लीतल्या पुरुषांनी नाकं मुरडली. वर्षभरात तीच नाकं त्यांच्या वस्तऱ्यासमोर मुकाट वर होऊ लागली. त्याच कात्रीवर त्यांनी मुलाला डॉक्टर केलं, आणि तो नेमका केसांचा डॉक्टर होऊन याच दवाखान्यात लागला.

मुलाची डोकी त्या सगळ्यांत आधी पकडत. लेकाचं म्हणून सोडू का, असं वर विचारत. गेल्या वर्षी त्यांनी त्याच्या कामाला चारचौघांत दात घासायचा ब्रश म्हटलं होतं. तो महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हता.

यंदा मोठे डॉक्टर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची एक तर मुलाला, नाही तर डॉक्टरीणबाईंना. दोघांचं एकेक डोकं आज पाचांत होतं, आणि काकूंना जो चकवेल त्याची खुर्ची. सकाळी चहा पिताना मुलगा एवढंच म्हणाला होता, "आई, यंदा तू हरशील."

"तुझ्या तोंडात साखर पडो," काकू म्हणाल्या होत्या. आणि जाताना बोटं कोमट पाण्यात धुऊन निघाल्या होत्या.

पहिलं डोकं आधीच जन्माचं निघालं होतं. तिसरंही तसंच निघालं. चौथ्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, की हे जन्माचं तर आहेच, पण जन्मल्यापासून धुतलेलं दिसत नाही. चौथा ओशाळून हसला.

राहिला पाचवा. सुपासारखे कान, हनुवटीला खळी. मघापासून तो चुळबुळत होता. लवकर आटपेल ना, खाली माणूस खोळंबलाय, असं त्याने मुलाला दोनदा विचारून झालं होतं.

काकूंनी बोटं घातली, आणि त्या थांबल्या.

कपाळाच्या कडेला बाळकेस होते, एकेकटे, विरळ, कुणी खाली वाकलेला, कुणी बाजूला कललेला. कानशिलावर ते निजल्यासारखे चिकटले होते. माथ्यावर भोवरा वळत होता आणि वळता वळता नेमका एका जागी सैलावत होता. काकूंनी डोळे मिटले. उलटं चाचपलं, सुलटं चाचपलं. परत जाऊन चौथं डोकं पाहिलं, रुमालाला हात पुसून पुन्हा पाचव्याकडे आल्या.

हिशेबाने हे लेकाचंच असायला हवं होतं. दुसरं उरलंच नव्हतं. लावलेलं म्हणून मोकळं व्हायचं, की सात वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण काकूंनी जन्मात कधी हिशेबाने डोकं पाहिलं नव्हतं. बोटं एकच सांगत होती, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"हे जन्माचं," त्या हळूच म्हणाल्या.

"नक्की, काकू?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"माझी बोटं खोटं बोलत नाहीत."

मोठ्या डॉक्टरांनी फाईल उघडून दीड वर्षापूर्वीचा फोटो वर धरला. तेच कान, तीच खळी, आणि डोकं घासलेल्या पातेल्यासारखं गुळगुळीत.

खोलीतले सगळे उठून उभे राहिले. टाळ्यांना सुरुवात केली ती डॉक्टरीणबाईंनी. असा हात आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही, असं मोठे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. मुलाला जो तो मिठी मारत होता. तो आईकडे बघत नव्हता. लाजला असेल, काकूंना वाटलं.

त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. देवाने करावं ते आपल्या पोटच्या पोराने केलं, आणि आपण त्याला ब्रश म्हणालो. ते डोकं पुन्हा एकदा हातात घ्यावं असं त्यांना फार वाटलं, पण पाचवी खुर्ची रिकामी होती. माणूस टॉवेलसकट केव्हाच गेला होता.

दुखरे गुडघे धरत काकू जिना उतरल्या. वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, हरले बाई, माझ्याच लेकाकडून हरले. कंपाउंडरलाही सांगितलं, औषधवाल्यालाही.

पाचवा माणूस फाटकाजवळ पाठमोरा उभा होता. मानेचा टॉवेल सोडून तो बाकावर बसलेल्या कुणाला तरी देत होता. उन्हात त्याची मान स्वच्छ दिसत होती. एकही ठिपका नव्हता. बाकावरच्या माणसाने टॉवेलने घाम पुसला आणि तोंड वर केलं. तेच सुपासारखे कान, हनुवटीला तीच खळी, आणि डोकं घासलेल्या पातेल्यासारखं गुळगुळीत.